स्वस्त पेल्याचा पहारेकरी

दीपनगरच्या वसाहतीत पहाटे सर्वांत आधी जाग येते ती दुधाच्या पिशव्यांना. रात्रपाळी संपवून वीज केंद्रातून लोक घरी परतत असतात, दिवसपाळीचे डबे भरले जात असतात आणि स्वयंपाकघरात कुणीतरी पिशवीचा कोपरा कात्रीने कापून दूध पातेल्यात ओतत असते. त्या पिशवीवर बारीक अक्षरांत एक शब्द छापलेला असतो : पाश्चराइज्ड. हा शब्द एका फ्रेंच शास्त्रज्ञाच्या आडनावावरून आला, एवढे शाळेत सांगितलेले असते. पण लुई पाश्चर यांनी हा उपाय दुधासाठी शोधलाच नव्हता, तो शोधला होता वाइनसाठी, ही गोष्ट मात्र बहुधा सांगायची राहून जाते.

ती आज आठवण्याचे कारणही घरगुतीच आहे. वसाहतीतली मुले शिकून पुण्याला, बंगळूरला, काही थेट जर्मनी-फ्रान्सला गेली. त्यांच्याकडे महिना-दोन महिने राहून आलेले आईवडील तिथल्या बाजाराच्या गोष्टी सांगतात. तिथे स्वस्त मालाची मोठमोठी दुकाने असतात. जर्मनीतल्या आल्डीसारख्या दुकानांत खोक्यांतच माल मांडलेला, नोकर मोजके, सजावट नाही, म्हणून भाव कमी. पाव, बटाटे, साबण यांच्याच रांगेत वाइनच्या बाटल्याही उभ्या असतात. एक तीन युरोला, शेजारची तीस युरोला. पाहणाऱ्याच्या मनात साहजिकच येते, की तीन युरोच्या बाटलीत नेमके काय असेल? आणि महाग ती दहापट चांगली असते का?

आपल्याकडेही हा विषय अगदीच परका राहिलेला नाही. २००१ मध्ये महाराष्ट्राने द्राक्षप्रक्रिया उद्योगासाठी धोरण आखले आणि नाशिक जिल्ह्यात वाइनचे कारखाने वाढले. २७ जानेवारी २०२२ रोजी राज्य मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांत, सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला. त्याला इतका विरोध झाला की तो प्रत्यक्षात आलाच नाही. वाइन किराणा दुकानात असावी की नसावी, हा वाद ज्याचा त्याने घालावा. पण किराणा दुकानातल्या स्वस्त बाटलीवर भरवसा ठेवता यावा, यासाठी दीडशे वर्षांपूर्वी एका माणसाने किती कष्ट उपसले, हे दोन्ही बाजूंच्या लोकांनी जाणून घेण्यासारखे आहे.

चामडे कमावणाऱ्याचा मुलगा

लुई पाश्चर यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी पूर्व फ्रान्समधल्या दोल या गावी झाला. वडील नेपोलियनच्या फौजेत हवालदार होते. फौज मोडल्यावर ते आपल्या घराण्याच्या धंद्याकडे, कातडी कमावण्याकडे वळले. लुई लहान असतानाच हे कुटुंब आर्बुआ या गावी राहायला आले. आर्बुआ म्हणजे द्राक्षमळ्यांचे गाव. जळगावकडे जसे केळीच्या बागांवरून माणसाची ऐपत मोजतात, तशी तिथे द्राक्षमळ्यावरून मोजत. हंगामात गल्लीगल्लीत ताज्या रसाचा वास सुटे आणि पिंपांतून रस फसफसू लागे. हा वास लुईच्या लहानपणाचा भाग झाला.

शाळेत तो काही चमकणारा विद्यार्थी नव्हता. त्याला चित्रकलेचा नाद होता. आईवडिलांची, शेजाऱ्यांची त्याने काढलेली रंगीत चित्रे आजही जपलेली आहेत. सोळाव्या वर्षी त्याला शिकायला पॅरिसला पाठवले, तर घरच्या आठवणीने तो इतका झुरला की वडिलांना जाऊन त्याला परत आणावे लागले. पुढे १८४२ च्या परीक्षेत रसायनशास्त्रात त्याला जेमतेम साधारण असा शेरा मिळाला. त्याच वर्षी पॅरिसच्या एकोल नॉर्मालच्या प्रवेश परीक्षेत तो पंधरावा आला. जागा मिळत होती, पण हा क्रमांक त्याला पटला नाही. त्याने पुन्हा वर्षभर अभ्यास केला आणि १८४३ मध्ये चौथ्या क्रमांकाने प्रवेश घेतला. हाती आलेली साधारण गोष्ट गोड मानून घ्यायची नाही, हा त्याचा स्वभाव तिथेच दिसतो.

पाश्चर यांचा पहिला मोठा शोधही वाइनच्या पिंपाशीच जोडलेला आहे. वाइन साठवलेल्या पिंपाच्या आतल्या बाजूला एक क्षार साचतो. त्यापासून टार्टरिक आम्ल मिळते. त्याचाच एक जुळा भाऊ होता. घटक तेच, पण प्रकाशावर होणारा परिणाम वेगळा. १८४८ मध्ये, अवघ्या पंचविसाव्या वर्षी, पाश्चर यांनी या जुळ्या भावाच्या क्षाराचे स्फटिक भिंगाखाली एकेक करून निवडले, जणू तांदळातले खडे वेचावेत तसे. त्यांना दिसले की स्फटिक दोन प्रकारचे आहेत आणि ते एकमेकांची आरशातली प्रतिबिंबे आहेत, जसा आपला डावा हात आणि उजवा हात. रेणूंच्या त्रिमितीय रचनेच्या शास्त्राचा पाया या वेचण्यातून पडला.

आजही एखाद्या बाटलीच्या तळाशी किंवा बुचाला काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसतात आणि गिऱ्हाईक दचकते. तो बहुधा हाच टार्टरिक आम्लाचा क्षार असतो. थंडीने तो खाली बसतो, त्याने कसलाही अपाय होत नाही. खडे दिसले म्हणून माल वाईट नव्हे.

आंबणे आणि नासणे

१८४९ मध्ये स्ट्रासबुर्गला प्राध्यापक असताना पाश्चर यांचे मारी लोरां हिच्याशी लग्न झाले. ही बाई पुढे त्यांची लेखनिक, मदतनीस आणि आधार झाली. १८५४ मध्ये ते लील या कारखानदारी शहरात गेले. तिथे बिटापासून मद्यार्क काढणारे बिगो नावाचे कारखानदार १८५६ मध्ये त्यांच्याकडे तक्रार घेऊन आले. काही पिंपांतला रस नीट आंबत होता, काहींतला आंबट होऊन फुकट जात होता.

पाश्चर कारखान्यात गेले, चिखल तुडवीत पिंपापिंपातले नमुने घेतले आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली धरले. चांगल्या पिंपात यीस्टचे गोल कण दिसले. बिघडलेल्या पिंपात त्यांच्या जागी बारीक काड्यांसारखे जीव वळवळत होते. त्या काळच्या बड्याबड्या रसायनशास्त्रज्ञांच्या मते आंबणे ही केवळ कुजण्याची रासायनिक क्रिया होती. पाश्चर यांनी दाखवले की ते जिवंत जीवांचे काम आहे, आणि काम चांगले होते की वाईट हे त्या पिंपात कोणते जीव शिरले यावर ठरते.

आपल्या घरातल्या बायकांना हे वेगळ्या शब्दांत ठाऊक होतेच. चांगले विरजण लावले तर दही कवडीसारखे लागते, वाईट लावले तर तार येते. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घातला तर रोज पाणी बदलावे लागते. लोणच्याच्या बरणीत ओला चमचा गेला की बुरशी आलीच. हे असे का होते, याचे उत्तर मात्र पाश्चर यांच्या भिंगाने दिले.

वाण्याच्या दुकानातली वाइन

आता वळू या वाइनच्या त्या मोठ्या अडचणीकडे. १८६० मध्ये फ्रान्स आणि इंग्लंड यांच्यात व्यापारी करार झाला आणि फ्रेंच वाइनवरची इंग्रजी जकात उतरली. त्याच सुमारास अर्थमंत्री ग्लॅडस्टन यांनी इंग्लंडमधल्या दुकानदारांना वाइनची सुटी बाटली विकण्याची परवानगी दिली. तोवर वाइन ही श्रीमंतांच्या तळघरातली चीज होती. आता ती वाण्याच्या फळीवर आली. स्वस्त वाइन घेऊन घरी जाणारा साधा इंग्रज गिऱ्हाईक तिथे पहिल्यांदा दिसू लागला. आजच्या सुपरमार्केटची ही पणजी म्हणायची.

पण माल टिकेना. कुठली वाइन व्हिनेगरसारखी आंबट होई, कुठली कडवट, कुठलीला तेलासारखी तार सुटे, कुठली गढूळ होऊन बेचव लागे. महागड्या वाइनलाही हे रोग होतच, पण श्रीमंताची एक बाटली फुकट गेली तर दुसरी उघडता येते. गरिबाने पैसे मोजून घेतलेली बाटली बिघडली की त्याचे पैसे बुडाले आणि लहान शेतकऱ्याचे पिंप आंबले की त्याचे वर्ष बुडाले. १८६३ मध्ये सम्राट तिसऱ्या नेपोलियनने पाश्चर यांना या रोगांचा शोध घ्यायला सांगितले.

पाश्चर आपल्या लहानपणच्या आर्बुआला परतले. पॅरिसहून विद्यार्थी सोबत आले. गावातल्या एका जुन्या कॅफेच्या खोलीत प्रयोगशाळा थाटली गेली. उपकरणे गावच्या कारागिरांकडून करून घेतली. लहानपणचे मित्र आपापल्या तळघरातल्या बाटल्या घेऊन येऊ लागले. चांगली कोणती, बिघडलेली कोणती, हे पाश्चर चव न घेता नुसत्या भिंगातून पाहून सांगू लागले. प्रत्येक रोगाचा आपापला सूक्ष्मजीव असतो, हे त्यांनी नोंदवले.

रोग कळला, आता औषध हवे. आधी त्यांनी जंतुनाशक द्रव्ये घालून पाहिली, ती जमली नाहीत. मग उष्णता. वाइन उकळली तर तिची चव मरते. पण हवा लागू न देता ती ५० ते ६० अंश सेल्सियसपर्यंत थोडा वेळच तापवली, तर रोगजंतू मरतात आणि चव राहते, असे त्यांना आढळले. दीपनगरच्या माणसाला हे पटायला वेळ लागू नये. बॉयलरमधली आग कमी पडली तर वीज नाही, हाताबाहेर गेली तर नळ्या फुटतात. सगळी करामत अंशाअंशाच्या हिशेबात असते.

उष्णता देण्याची कल्पना एकट्या पाश्चर यांची नव्हती, हेही सांगायला हवे. फ्रान्समध्येच निकोला आपेर याने पन्नास वर्षे आधी बंद बाटल्या तापवून अन्न टिकवले होते. जपानमधले लोक तर साके हे आपले तांदळाचे मद्य शतकानुशतके तापवून ठेवत आले होते. पण ते का टिकते, हे त्यांना माहीत नव्हते. पाश्चर यांनी कारण शोधले आणि मोजमाप दिले. कारण कळले की एका गावची युक्ती जगाच्या कामाची होते.

दोन पेले, एकच वाइन

उपाय सापडला तरी व्यापारी मानेनात. तापवलेली वाइन म्हणजे शिजवलेली वाइन, तिला चव कसली, असे त्यांचे म्हणणे. म्हणून जाणकार चव-परीक्षकांची समिती बसली. तापवलेली आणि न तापवलेली वाइन शेजारी शेजारी ठेवण्यात आली. परीक्षकांना फरक जाणवला, पण तो इतका बारीक की त्यावर एकमत होईना. तेव्हा पाश्चर यांना शंका आली. त्यांनी परीक्षकांना न सांगता दोन्ही पेल्यांत एकच वाइन भरून दिली. त्या दोन पेल्यांतही त्यांना फरक सापडलाच!

पाश्चर यांच्या सगळ्या चरित्रातला हा प्रसंग आजच्या गिऱ्हाइकाने गाठीला बांधून ठेवावा असा आहे. जीभ एकटी चाखत नाही. तिच्या कानात मन सारखे कुजबुजत असते, की ही महागाची, ही परदेशी, ही शिजवलेली. तीन युरोच्या आणि तीस युरोच्या बाटलीत फरक असतो, नाही असे नाही. जमीन, मेहनत, लाकडी पिंपात घालवलेली वर्षे यांचे पैसे मोजावेच लागतात. पण त्या फरकातला काही हिस्सा चिठ्ठीचा आणि बाटलीच्या काचेचाही असतो. तो किती, हे नाव झाकून चाखल्याशिवाय कळत नाही. वाइन न पिणाऱ्या घरातही हा प्रयोग करता येतो. दोन कंपन्यांचा चहा सारख्याच कपांत ओतावा आणि घरातल्या जाणकारांची परीक्षा घ्यावी.

मग आरमाराने परीक्षा पाहिली. १८६८ मध्ये ब्रेस्ट बंदरातून निघालेल्या जाँ बार या जहाजावर ५०० लिटर वाइन चढवण्यात आली. त्यातली निम्मी तापवलेली होती. दहा महिन्यांनी तापवलेली वाइन नितळ आणि मऊ निघाली, दुसरी तुरट होऊन आंबटपणाकडे झुकली होती. त्यानंतर एक जहाज केवळ तापवलेली वाइन घेऊन पृथ्वीप्रदक्षिणेला निघाले. हे खलाशांचे रोजचे पेय होते, सरदारांचे नव्हे. पाश्चर यांच्या युक्तीचा खरा लाभ अशाच साध्या वाइनला झाला. अतिशय उंची वाइन बनवणाऱ्यांनी ती फारशी स्वीकारली नाही. आजही ती वापरली जाते ती प्रामुख्याने साध्या वाइनसाठी. बाकीचे काम बारीक गाळण्या, थंडी आणि गंधकाचा वायू करतात. पण शत्रू कोण आहे हे पाश्चर यांनीच दाखवून दिले, म्हणून हे उपाय सुचले.

१८६५ मध्ये या पद्धतीचे पेटंट त्यांच्या नावावर झाले होते. ते जपून बसते तर पैशांत लोळले असते. त्यांनी ते सर्वांसाठी खुले होऊ दिले. स्वस्त बाटली स्वस्त राहण्यामागे या सोडलेल्या पैशाचाही वाटा आहे.

घरातली रिकामी जागा

ज्या वर्षांत वाइन वाचली, त्याच वर्षांत पाश्चर यांचे घर रिते होत होते. थोरली मुलगी जान १८५९ मध्येच विषमज्वराने गेली होती, नऊ वर्षांची. १८६५ च्या जूनमध्ये वडील गेले. सप्टेंबरमध्ये दोन वर्षांची कामीय गेली. पुढच्या वर्षी, वाइनवरचा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच वर्षी, बारा वर्षांची सेसील विषमज्वराने दगावली. पिंपातल्या सूक्ष्मजीवांना ओळखणाऱ्या बापाला आपल्या मुलींच्या अंगातल्या सूक्ष्मजीवांपुढे हात टेकावे लागले. पेयाला रोग होतो तो जिवंत जंतूंमुळे, तर माणसालाही तसाच होत असेल का, या प्रश्नामागे केवळ शास्त्राची जिज्ञासा राहिली नव्हती.

१९ ऑक्टोबर १८६८ रोजी, पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांना अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू कायमची अधू झाली. ज्या कामांसाठी जग त्यांना ओळखते ती बहुतेक त्यानंतरची आहेत. १८८१ मध्ये पुयी-ल-फोर इथे मेंढ्यांवर केलेला काळपुळी रोगाच्या लसीचा जाहीर प्रयोग, आणि ६ जुलै १८८५ रोजी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या जोसेफ माइस्टर या नऊ वर्षांच्या मुलाला दिलेली लस. मुलगा वाचला. १८८८ मध्ये पॅरिसला पाश्चर संस्था उभी राहिली.

ते देव नव्हते. त्यांच्या खासगी टिपणवह्या अभ्यासकांना पाहायला मिळाल्यावर आढळले, की मेंढ्यांवरच्या प्रयोगात वापरलेली लस त्यांनी जाहीरपणे भासवली तशा पद्धतीने केलेली नव्हती, प्रतिस्पर्ध्याच्या पद्धतीच्या जवळची होती. श्रेय वाटून घेणे त्यांना जड जाई. आणि वाइन हे आरोग्याला चांगले पेय आहे अशी त्यांची समजूत होती. पाण्यातून पटकी-विषमज्वर पसरण्याच्या त्या काळात ती समजण्यासारखी होती. पण जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्टपणे सांगितले, की मद्याचे कोणतेच प्रमाण पूर्ण निर्धोक नाही. तापवून जंतू मरतात, मद्यार्क तसाच राहतो.

उन्हाळ्यातली बाटली

२८ सप्टेंबर १८९५ रोजी पाश्चर वारले. त्यांच्या मागे वर्षभरात मुंबईत प्लेग पसरला आणि त्यांच्याच संस्थेत काम केलेला वाल्देमार हाफकिन तिथे येऊन लस बनवू लागला. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ती आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन संस्था त्याच्याच नावाची. आर्बुआच्या तळघरात सुरू झालेली वाट अशी महाराष्ट्राच्या दाराशी आली. दुधासाठी पाश्चर यांची पद्धत वापरावी असे फ्रान्झ सॉक्सलेट या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८८६ मध्ये सुचवले. आज डेअरीत दूध साधारण ७२ अंशांवर १५ सेकंद तापवून लगेच थंड करतात. ते आपल्या दाराशी येते तेव्हा आपण पिशवीवर किती विश्वास टाकतो, हे आपल्या लक्षातही येत नाही.

स्वस्त म्हणजे काय, याचा खरा अर्थ इथे आहे. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे दगावली. तीही स्वस्तच होती. एका स्वस्ताईमागे कुणी तरी मोजमाप केलेले असते, दुसऱ्या स्वस्ताईमागे कुणीच काही पाहिलेले नसते. गरिबाला स्वस्त वस्तू मिळाली एवढ्याने भागत नाही. तिच्यावर पहारा असावा लागतो.

म्हणून परदेशी मुलाकडे गेल्यावर कुणी त्या फळीसमोर उभे राहिलेच, तर स्वस्त बाटलीकडे तुच्छतेने पाहू नये आणि महाग बाटलीपुढे दबूनही जाऊ नये. द्राक्षे कोणत्या सालची आणि कोणत्या प्रदेशातली, बाटली कुणी भरली, ती उन्हात किंवा दिव्याखाली ठेवली होती का, एवढे पाहावे. साधी वाइन जुनी करून ठेवण्यासाठी नसते, अलीकडच्या सालची घेतलेली बरी. आणि कुणी नाशिकहून एखादी बाटली आणलीच, तर भुसावळच्या मे महिन्यात ती गाडीच्या डिकीत विसरू नये. पाश्चर यांची ऊब काही मिनिटांची आणि मोजलेली होती, आपल्या उन्हाची तशी नसते.

न पिणाऱ्याने यातले काहीच करू नये. त्याच्या वाट्याचे पाश्चर रोज पहाटे दाराशी येतात. कात्रीने पिशवीचा कोपरा कापताना तो बारीक अक्षरांतला शब्द एकदा वाचावा, एवढे पुरे.